दुसऱ्या टोकाची मूठ

ओंडक्याला दोन टोकं असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मात्र ओंडका चिरणाऱ्या मशीनलाही दोन टोकं असतात आणि त्यांतल्या एका टोकाला गेली सव्वीस वर्षं एकच बाई उभी आहे, ही गोष्ट त्या गल्लीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. गल्लीत तिला ‘टोकाच्या वहिनी’ म्हणत. घर गल्लीच्या टोकाला, उभं राहायची जागा मशीनच्या टोकाला, आणि नवऱ्याच्या मते स्वभावही तसाच. तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच.

नवरा फळ्या पाडायचा. वादळात उन्मळलेली, रस्ता रुंद करताना आडवी झालेली, पुराने काठावर आणून टाकलेली झाडं तो जळणाच्या वाटेवरून परत आणायचा. उभ्या झाडाला त्याने कधी हात लावला नाही. यामागे काही तत्त्व असावं अशा समजुतीने कुणी कौतुक करू लागलं, की तो म्हणे, “उभ्याला परवानगी लागते, आडव्याला फक्त खांदे लागतात.” घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिरलेल्या फळ्या ज्या क्रमाने झाडात होत्या त्याच क्रमाने रचलेल्या असत, मध्ये बोटभर जाडीच्या काड्या घालून, म्हणजे वारा खेळता राहावा. दुरून पाहिलं तर एकेक झाड श्वास रोखून नव्हे, श्वास सोडून आडवं पडल्यासारखं दिसे.

मशीन म्हणजे चेनसॉच, पण त्याला चार फुटांचं पातं आणि पात्याच्या वर एक लोखंडी चौकट. चौकट ओंडक्याच्या पाठीवर टेकते, पातं तिच्याखाली दोन इंचांवर लाकडात आडवं शिरतं, आणि हा सगळा सांगाडा ओंडक्याच्या लांबीने पुढे ढकलत नेला की दोन इंच जाडीची फळी सुटून येते. पहिल्या चिरेच्या वेळी ओंडक्याची पाठ गोल असते, म्हणून तिच्यावर एक शिडी आडवी ठोकायची आणि चौकट शिडीवरून चालवायची. पातं जिथे इंजिनाला जोडलेलं असतं तिथे नवरा. ते ओंडक्यातून आरपार जाऊन जिथे पलीकडे बाहेर येतं, तिथे लोखंडी पकडीवर बसवलेली एक मूठ. त्या मुठीला ती.

ही मूठ तिच्याकडे आली ती लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. तोवर धाकटा दीर ती धरायचा. त्याला दूरच्या गावी कायमची नोकरी लागली, तेव्हा नवरा म्हणाला, “चार दिवस धर, माणूस मिळेपर्यंत.” माणूस शोधायला कुणी गेलं नाही. पाचव्या दिवशी तिनेही विचारलं नाही.

न विचारण्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या घरात तिला सकाळपासून हाका असत. “अगं”, “आई”, “वहिनी”, “काकू, आहात का घरात?”, कुणाची बटणं, कुणाची औषधं, कुणाचा शेजारणीशी झालेला तंटा. दहा मिनिटं अशी जात नसत की तिचं नाव किंवा नातं कुणी मोठ्याने उच्चारलं नाही. मशीन सुरू झालं आणि कानांवर ते जाड, गोल झाकण चढलं की मात्र हाक मारणाऱ्याची सत्ता संपे. आठ फुटांच्या ओंडक्याला एक चीर द्यायला वीसेक मिनिटं लागत. जगातल्या कुणालाही त्या वीस मिनिटांत तिला बोलावता येत नसे. आवाज इतका मोठा, की त्याच्या आतल्या बाजूला एक शांतता तयार होई. धबधब्यामागच्या कोरड्या जागेसारखी. त्या जागेत ती शिरायची.

तिथे एक ओसरी होती. फळी आणि ओंडका यांच्यामध्ये पात्याने जी बारीक फट पाडली, त्या फटीतून आत गेलं की ती उंच होत जाई, आणि मग सरळ, लांब, गुळगुळीत जमिनीची ओसरी लागे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खिडक्या. तुतीच्या ओंडक्यात ओसरीवर पिवळी, कलत्या दुपारची उन्हं पडलेली असत. निलगिरीच्या ओंडक्यात फिकट गुलाबी पहाट असे आणि कुठूनतरी गार झुळूक येई. पायांत चपला नसत, पण पाय थंड पडत नसत. तिथे कुणी राहत नव्हतं आणि कुणाच्या राहण्याची खूणही नव्हती. तिनेही कधी तिथे खुर्ची नेऊन ठेवली नाही, की पडदा लावला नाही. ती फक्त चालायची, मशीनच्याच गतीने, मिनिटाला पाच-सहा बोटं. ओंडका संपे तिथेच ओसरी संपे. पातं बाहेर पडताना मुठीला एक हलका झटका बसे, आणि ती पुन्हा शेडमध्ये असे, पापण्यांवर भुसा घेऊन.

मुलगी लहान असताना तिने एकदाच हे तिला सांगून पाहिलं. मुलगी आता रुग्णालयात रक्त तपासायच्या कामाला होती, आणि अजूनही जेवताना म्हणायची, “बाबा, आई झोपेत करवत चालवते. तुमची बोटं मोजत जा.”

“दहा आहेत,” बाबा म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

एका सकाळी सुतार आला. तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक; ओल्याच फळ्या न्यायचा आणि आपल्या जागेत सुकवून त्यांची टेबलं करायचा. कानामागे पेन्सिल, तोंडात सतत काहीतरी गुणगुणणं. नवरा कानस आणायला बाजारात गेला होता.

“मग तुम्हालाच सांगतो, वहिनी,” सुतार म्हणाला. “या खेपेला टोकाला रंधा मारायचा राहिला वाटतं.”

“कसला रंधा?”

“तोच हो. तीन महिने फळ्या एका बाजूने रंधून येतात ना! मी म्हटलं, दादांनी म्हातारपणी गिऱ्हाइकांचे लाड सुरू केलेत. या वेळची मात्र तशीच आली. इंजिनाकडून बरोबर दोन इंच, आणि तुमच्या टो...” इथे त्याची जीभ चावली गेली. “जाऊ द्या. मी काही बोललो नाही.”

“बोललात की, भाऊजी. पुरं करा.”

“तुमच्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच जाड. पण दोन सूत म्हणजे काय! मुंगीसुद्धा अडखळायची नाही.”

“मुंगी तुमच्या टेबलावर जेवायला बसत नाही.”

सुतार गेल्यावर ती शेडच्या मागच्या अंगाला गेली. त्यांच्या कामातून पडतो तो भुसा, पिठासारखा, ओलसर. रंध्याच्या लांब, कुरळ्या साली त्यांच्याकडे पडायचं काही कारणच नव्हतं. तिथे, मोडक्या पत्र्याआड, अशा सालींनी गच्च भरलेली तीन पोती उभी होती. दर आठवड्याला ती एक दुपार बहिणीकडे जायची. तेवढ्यात तो मागे बसून तिच्या बाजूचं लाकूड उतरवत असला पाहिजे. या आठवड्यात ती गेली नव्हती. तिने एका पोत्यात हात घातला. साली इतक्या पातळ होत्या, की हाताला त्यांचा स्पर्श कळण्याआधी आवाज कळला.

नवरा परतायच्या आत तिने मोडका पत्रा होता तसा लावून ठेवला. त्या दिवशी तिने मनाशी हिशोब मांडला, आणि तो सरळ होता. फळी ज्या बाजूने जाड, त्या बाजूचा हात खाली दबतो. हात दबतो कारण ध्यान नसतं. ध्यान नसतं कारण ती ओसरीवर असते. म्हणजे सव्वीस वर्षांच्या भाड्याची मागणी अखेर आली होती. मूठ राखायची तर ओसरी सोडायची, इतकाच प्रश्न होता. आणि ओसरी सोडूनही सूत हटलं नाही तर? कपाटाच्या खणात एक रंगीत कागद पडून होता. रुळांवरून एकट्या माणसाने ढकलायच्या मशीनचा. विक्रेता वर्षापूर्वी देऊन गेला होता. त्या मशीनला दुसरं टोक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिरीषाचा ओंडका चिरायला घ्यायचा होता. जुन्या रुग्णालयाच्या आवारातलं झाड, वादळात कोसळलेलं. साडेतीन फूट घेर नव्हे, साडेतीन फूट आडवी छाती. सुताराला त्यातल्या मधल्या फळीचं एक लांब टेबल करायचं होतं. शिडी ठोकून झाली, पहिली पाठ उतरली, सपाट पृष्ठ मिळालं. नवऱ्याने पातं बंद ठेवून दोन्ही अंगांनी माप घेतलं. दोन इंच, दोन इंच. त्याने दोरी ओढली.

ती गेली नाही. फट पडली, फटीतून गडद तपकिरी अंधार दिसला, पडदे ओढलेल्या खोलीसारखा, आणि कुणीतरी आत दिवा लावायला उठल्याचा भास झाला. तरी ती गेली नाही. तिने चौकटीच्या कडेवर डोळे रोवले. साखळीतून उडणारा भुसा कुठल्या कोनात पडतो ते पाहिलं. दर हातभर अंतराला मागच्या चिरेत पाचर ठोकली, म्हणजे वरची फळी बसून पातं आवळू नये. मुठीवर किती भार आहे ते मनगटात मोजत राहिली. पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखी ती स्वतःच्या हातामागे उभी होती. वीस मिनिटं तिला एका दिवसाएवढी वाटली.

फळी उचलली. तिने पट्टी काढली आणि नवऱ्यासमोरच माप घेतलं. तिकडे दोन इंच. इकडे दोन इंच दोन सूत.

“कशाला मोजतेस?” तो म्हणाला.

“सुतार आले होते. पोतीही पाहिली.”

तो कानांवरची झाकणं काढून हातात फिरवत राहिला.

“मला वाटलं होतं, माझं ध्यान नसतं,” ती म्हणाली. “आज होतं. सगळं ध्यान इथे होतं. तरी दोन सूत. म्हणजे ध्यान नाही, हातच गेले. आता ते रुळांचं मशीन घ्या. हा ओंडका संपला की मी मूठ सोडते.”

“वेडी आहेस का?”

“वेडी असते तर बरं होतं. वेडीचे हात सरळ चालले असते.”

“मी रंधतोय ना! तुला काय त्रास?”

“माझ्यामागे रंधता, हाच त्रास.” ती ओंडक्याला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. “एकच करा. सोडायच्या आधी एक चीर मला इथे उभी राहू द्या. सव्वीस वर्षं पलीकडून पाहिलंय. इथून कसं दिसतं ते एकदा पाहते. तुम्ही माझ्या जागी जा.”

खटका कसा दाबायचा, आवाज बदलला की हात कसा सैल करायचा, हे सगळं त्याने दोनदा सांगितलं. खरं तर तिला ते पाठ होतं. मग तो वळसा घालून गेला. मूठ धरून तो जरा अवघडून उभा राहिला, लग्नाघरी दुसऱ्याचा कोट घालून आल्यासारखा.

इंजिनाच्या बाजूला ओसरी नव्हतीच. कुठलंच दार नव्हतं. तिथे उष्ण वारा होता, तेलाचा वास होता आणि हातांच्या हाडांपर्यंत पोचणारी थरथर. गाठ जवळ आली की आवाज चढायचा, गाठ ओलांडली की उतरायचा, आणि प्रत्येक चढउतार आपल्याला विचारून होत असल्यासारखा वाटायचा. इथे उभं राहणाऱ्याला पापणी मिटायची मुभा नव्हती. इतकी वर्षं हा माणूस लाकडाला नुसतं लाकूड म्हणतो याचा तिला राग यायचा. आता वाटलं, इथून दुसरं काही दिसण्याजोगं नव्हतंच.

अर्ध्या वाटेवर तिने मान वर केली. पलीकडे नवरा चालत होता. पण त्याच्या चेहऱ्यावरचे ताण एकेक करून उतरले होते, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी दोरीवरून काढून घ्यावेत तसे. ओठ किंचित उघडे. नजर फटीत. पाचरा त्याच्या खिशात तशाच होत्या आणि मागे फळी हळूहळू बसायला लागली होती. तिने गती सोडली, हात हलवला, खुणा केल्या. तो दचकला, खिसे चाचपले, घाईघाईने एक पाचर ठोकली आणि पुन्हा मूठ धरली. थोड्याच वेळात पुन्हा गेला. पातं बाहेर पडलं, तिने इंजिन बंद केलं, आवाज शेडच्या पत्र्यावरून ओघळून संपला, तरी तो मूठ धरून उभाच.

“अहो.”

“हं.”

“झोपला होतात?”

“झोपतो कशाला?” तो एकदम जागा झाला. “माप घे.”

तिच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या, दोन इंच. त्याच्या बाजूला दोन इंच दोन सूत.

तो ओशाळला. “जरा माझंही लक्ष... त्या जागेचंच काहीतरी आहे. माणूस गुंगतो तिथे.”

ती मात्र पट्टीकडे पाहत राहिली होती. “माझा हात चुकेल,” ती सावकाश म्हणाली, “तुमचा हात चुकेल. मी जागी असून चुकेन, तुम्ही गुंगून चुकाल. पण दोघांचे हात मोजूनमापून दोनच सूत कसे चुकतील?”

ती मुठीजवळ उकिडवी बसली. मुठीखाली, पातं जिथे चौकटीला धरलेलं होतं, त्या पकडीला तिने हाताने खाली ओढलं. खुट् असा आवाज झाला. वर ढकललं, पुन्हा खुट्. पकडीतलं गोल भोक झिजून लांबट झालं होतं. मशीन उभं असताना नट घट्ट दिसे, माप बरोबर येई. साखळी फिरू लागली की थरथरीने पातं त्या लांबट भोकात दोन सूत खाली बसे आणि बंद होताना आपसूक वर येई.

दोघं त्या भोकाकडे पाहत राहिले.

“तीन महिने,” ती म्हणाली. “तीन महिने एवढं तपासून बघावंसं वाटलं नाही?”

“तपासायला बसलो असतो तर तू विचारलं असतंस, काय झालं.”

“मग?”

“मग सांगावं लागलं असतं, की तुझं ध्यान नसतं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सव्वीस वर्षं तुझ्यासमोर उभा आहे. दिसतं.” तो भोकाकडेच पाहत बोलत होता. “बोलायचं काय त्यात? फळ्या सरळ येत होत्या. आणि त्या जाड यायला लागल्या, तेव्हा वाटलं, आता ही पुरतीच तिकडे जाते. जाऊ दे. उरलेलं आपण रंधू.”

तिला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. “चूक पोटात घालायला निघालात,” ती म्हणाली, “पण ती माझी आहे का, हे तरी बघायचं! आत्ता मी माझ्या हातांना निरोप देऊन बसले होते.”

“चुकलो.”

“चुकलातच.”

त्याने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, बोल्टभोवती त्याची पट्टी गुंडाळली आणि नट आवळला. तिने पकड ओढून पाहिली. आता आवाज आला नाही. हे तात्पुरतं होतं. नवीन पकड लोहाराकडून करून आणावी लागणार होती. पण आजच्या पुरतं पातं जागेवर बसलं होतं. सुताराची मधली फळी अजून ओंडक्यातच होती, न चिरलेली, शाबूत.

चहा घेताना दोघं ओंडक्याला टेकून बसले. मग तो कपात पाहत म्हणाला, “तिथे पाणी आहे.”

“कुठे?”

“आत. संथ आहे. मी आपला काठाकाठाने चाललो होतो. पलीकडे नाव होती एक, पण माणूस नव्हता तिच्यात.”

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. “माझ्याकडे पाणी नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे ओसरी आहे. खिडक्यांची.”

“खिडक्यांतून काय दिसतं?”

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही. “पाहिलं नाही अजून,” ती म्हणाली.

ती उठली, हातमोजे चढवले आणि सरळ मुठीकडे गेली. तो तिथेच घोटाळत उभा होता.

“आता काय?”

“नाही, म्हटलं, ही चीर मीच मारतो या बाजूने. म्हणजे तुझे हात जरा...”

“माझ्या हातांना काही झालेलं नाही. सिद्ध झालंय. व्हा तिकडे.”

“एका ओंडक्यात एक फळी,” तो म्हणाला. “एकच. बाकी सगळ्या तुझ्या.”

“आणि इंजिन कोण धरेल?”

“तू. उत्तम धरलंस की आत्ता.”

तिने विचार केला. ती बाजू तिला आवडली नव्हती. पण तिथून त्याचा चेहरा दिसत होता, आणि असा तो तिने आधी पाहिला नव्हता. “शेवटची घ्या,” ती म्हणाली.

“शेवटची म्हणजे नुसती साल. त्यात काय दिसणार? मधली दे.”

“मधली मिळायची नाही.”

“मधलीच्या अलीकडची?”

“शेवटून दुसरी. घ्यायची तर घ्या.”

तो वळसा घालून आपल्या बाजूला गेला. दोन्ही अंगांनी माप घेतलं. पकडीला एकदा हात लावून पाहिला. मग पाय रोवून त्याने दोरी ओढली. मशीन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा ओढण्याआधी तो थांबला, कपाळ पुसलं आणि ओंडक्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाला, “बरं. शेवटून दुसरी.”